नको ती बाजू

कुरुंदवाड,
१९ ऑगस्ट

आदरणीय सरांना,
खतिजाचा सलाम.

तुम्हाला ऐकू येत नाही हे माहीत असून परवा फोन लावला. एका मुलानं उचलला. कुरुंदवाडहून बोलते म्हटल्यावर तो बराच वेळ काही बोललाच नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, आजोबांना पत्र लिहा, ते पत्रच वाचतात. म्हणून लिहिते. इतक्या वर्षांनी लिहिते आणि वाईट बातमीच लिहिते, माफ करा.

मी कुठली खतिजा ते आठवतंय का? बारावीला तुमच्या राजारामपुरीच्या क्लासला कुरुंदवाडहून एस.टी.नं यायची. उशीर झाला की तुम्ही सगळ्यांसमोर "आली का कृष्णेची बोट" म्हणायचात. आता इथल्या उर्दू शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. गणित म्हणजे पाढे आणि हातचे, त्यापुढं जायची वेळ येत नाही.

सर, पुरात आमचे अब्बा गेले. अब्बा म्हणजे माझे सासरे, ख्वाजाभाई टेलर. माझं लग्न झालं तेव्हा आरिफ नोकरी नको म्हणत होता. अब्बांनी त्याला सुनावलं, "ती शिकलीया. तुला जमत नसंल तर तू घरात बस." मी आज शाळेत उभी आहे ती त्यांच्यामुळं.

पाणी ओढ्यात शिरलं त्या दिवशी सकाळीच ओढ्याच्या अलीकडची, बाजारपेठेकडची माणसं बाहेर काढून शाळेत आणली. मीही मुलांना घेऊन शाळेत आले. आरिफ जयसिंगपुरात अडकलेला, रस्ता बंद. अब्बा म्हणाले, शिलाई मशीन माळ्यावर चढवून घेतल्याशिवाय मी घर सोडत न्हाय. त्यांचे गुडघे गेलेले. मी म्हटलं, निदान बोट आली की या. "दारात आली तर येतो की," म्हणाले.

शाळेत कोल्हापूरहून मदतीला आलेली दोन मुलं होती, छोटी बोट घेऊन. गावातली मोठी बोट आणि माहीतगार माणसं खालच्या वस्तीला गेलेली. या मुलांना गावची एक गल्ली ठाऊक नाही. म्हणून मी आलेखाचा कागद घेतला आणि तुम्ही शिकवलं तसा सगळा गाव त्यावर मांडून दिला. कुठं जायचं, कुठं जायचं नाही, पेन्सिलीनं स्पष्ट करून दिलं. तरी दिवेलागणीपर्यंत बोट ओढ्याच्या अलीकडं, नाहीतर उसाकडंच फिरत राहिली. पलीकडं आमच्या मोहल्ल्यात आलीच नाही. मागं राहिलेली दोन-चार माणसं मशिदीच्या गच्चीवर चढली. अब्बांना जिना चढता येईना. सकाळी घराची भिंत पडलेली दिसली आणि तिच्याखाली अब्बा.

त्या बोटीनं आणलं कुणाला, तर बाजारपेठेतल्या बयाबाईंना. त्या सकाळीच बाहेर पडल्या होत्या आणि म्हशीपायी परत घरी गेल्या होत्या. आरिफ म्हणतो, "बयाबाई दिसल्या आणि अब्बा दिसलं न्हाईत, ह्याचा अर्थ मला कळत न्हाय व्हय?" मला आधी त्याचं बोलणं पटत नव्हतं. आता पटायला लागलंय. नकाशा हातात असताना माणूस चुकेल कसा?

हे सगळं तुम्हालाच का लिहिते, मलाही माहीत नाही. कागदावर रेघ ओढताना तुमची आठवण आली होती, एवढंच.

तुमची विद्यार्थिनी,
खतिजा


राजारामपुरी, ७ वी गल्ली, कोल्हापूर
२७ ऑगस्ट

चि. खतिजास आशीर्वाद.

तू आठवतेस. लॉगॅरिदमला रडणारी आणि आलेखाला हसणारी पोरगी. आलेखाला हसणारी मला दुसरी मिळाली नाही.

ख्वाजाभाईंना मी एकदाच भेटलो, तुझ्या लग्नात. ओळख नाही, देख नाही, माझ्या शर्टाची कॉलर धरून म्हणाले, "मास्तर, हे कुणी शिवलंय? त्याच्या हातात सुई देऊ नका परत." मग मला आत नेऊन बसवलं, शर्ट काढायला लावला आणि वऱ्हाडी जेवायला बसायच्या आत ती कॉलर उसवून नीट लावून दिली. मी बनियनवर बसून होतो. लग्नाच्या घरात व्याह्यांच्या मागं लागायचं सोडून हा माणूस माझ्या कॉलरला टाके घालतोय, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

माणूस गेला की काय लिहायचं असतं ते मला कधी जमलं नाही. रडू येईल तेवढं रडून घे. आरिफला दोन घास खायला लाव. रागावलेला माणूस उपाशी राहिला की त्याचं डोकं आणखी फिरतं.

एक विचारतो. नकाशा काढलास म्हणतेस, तो कसा काढलास? अक्ष कुठले धरलेस, काळं काय केलंस? मला जसाच्या तसा परत काढून पाठव. तू म्हणशील, माझ्या घरात मयत आणि म्हाताऱ्याला आकृती बघायची आहे. म्हण. पण पाठव.

फोन उचलला तो माझ्या लेकीचा मुलगा. इंजिनिअरिंगला आहे, माझ्याकडंच राहतो. आजोबांची पद्धत जुनी म्हणून माझ्याकडं एक गणित शिकला नाही, समोरच्या गल्लीतल्या क्लासला गेला. आमचं बोलणं पाटीवर चालतं. मी बोलतो, तो खडूनं लिहितो. हल्ली त्याचंही काहीतरी बिनसलंय. ताट खोलीत नेतो आणि तसंच परत आणतो. काय झालं विचारलं की पाटीवर लिहितो, "काही नाही." तरण्याताठ्या पोराचं काय असणार, म्हणून मी सोडून दिलं.

हंबीरराव


कुरुंदवाड,
४ सप्टेंबर

सरांना सलाम.

तुमचं पत्र आरिफला वाचून दाखवलं. कॉलरचं ऐकून तो पहिल्यांदा रडला. जनाज्यालाही रडला नव्हता.

सोबत कागद आहे. त्या दिवशी काढला तसाच काढलाय, एक रेघ इकडची तिकडं नाही. शाळा आरंभबिंदू धरली, कारण बोट तिथून सुटणार. स्टँडचा रस्ता आडवा अक्ष, घाटाचा रस्ता उभा. ओढा ही एक रेषा, जुना बांध ही दुसरी. ओढ्याच्या अलीकडचा भाग सकाळीच रिकामा झाला होता, म्हणून तो काळा केला. बांधाच्या उजव्या हाताला नुसता ऊस, माणसाचं घर नाही, म्हणून तेही काळं केलं. कोपऱ्यात पांढरा त्रिकोण उरला, तो आमचा मोहल्ला. तुम्ही फळ्यावर कायम म्हणायचात, नको ती बाजू काळी करा, उरेल ते उत्तर. एका गणितात चार-चार असमानता असल्या तरी माझा कधी गोंधळ झाला नाही. हा कागद बघून माझ्या तिसरीतलं पोरही सांगेल कुठं जायचं ते.

मला स्वतःला बोटीपर्यंत जाता आलं नाही, वर्गात पोरं तापानं फणफणली होती. बाळाबाईंच्या हातून कागद पाठवला. बाळाबाई शाळेत खिचडी शिजवतात. त्यांनी तो बोटीवरच्या मुलाच्या हातात दिला, त्यानं उघडून बघितला, मान हलवली आणि बोट सोडली. हे बाळाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलंय.

आणि मग तो कुठं कुठं गेला माहीत आहे? ज्या घरांना कुलपं लागलेली त्या घरांची दारं वाजवत फिरला. त्यानंतर उसात गेला. मशिदीच्या गच्चीवरून लोक बघत होते, हाका मारत होते. पावसानं त्याला ऐकू गेलं नसेल, मान्य. पण उसात फिरायला वेळ होता आणि आमच्याकडं यायला नव्हता. आता याला तुम्ही काय म्हणाल?

आरिफनं पोलिसांत तक्रार दिली. नकाशा मी काढलेला, म्हणून माझा जबाब महत्त्वाचा आहे म्हणाले. मी लिहून दिलं की त्या मुलाच्या हातात नकाशा होता, मोहल्ल्यात माणसं आहेत हे त्याला कळत होतं आणि तो जाणूनबुजून गेला नाही. आणि खाली सही केली.

त्याचं नाव ऋतुराज आहे एवढं समजलंय. कोल्हापुरातलाच, कुठल्यातरी कॉलेजचा. तुमच्या ओळखीपाळखीत कुणी असला तर कळवा.

खतिजा


राजारामपुरी,
२१ सप्टेंबर

चि. खतिजा,

कागद मिळाला. उत्तराला उशीर झाला. लिहायला बसलं की अक्षर पळतं हल्ली.

आकृती बिनचूक आहे. मी तपासली असती तर पैकीच्या पैकी दिले असते.

तुझ्याकडं एक मागणं आहे. तो जबाब मागं घे. त्या मुलानं मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. पुराच्या पाण्यात भलेभले गांगरतात, आणि ही तर कॉलेजातली पोरं. त्याच्या मनात काय होतं हे तुला दिसलेलं नाही, मग ते सहीनिशी लिहून द्यायचं कशाला? कारण विचारू नकोस. म्हाताऱ्याचं ऐक.

आरिफलाही आवर. कोर्टकचेरीनं ख्वाजाभाई परत यायचे नाहीत.

हंबीरराव


कुरुंदवाड,
२६ सप्टेंबर

सर,

तुमचं पत्र दोन ओळी वाचून खाली ठेवलं, मग परत उचललं. मला वाटलं होतं तुम्ही तरी नीट विचार करून बोलाल. "कारण विचारू नकोस" हे तुम्ही म्हणता? पायरी गाळली की वही फेकणारे तुम्ही?

कारण मला कळलं. तो कोल्हापूरचा, तुमच्यातला. आम्ही ओढ्याच्या पलीकडचे. तुमच्या क्लासमध्ये मला कधी असं वाटलं नव्हतं, डब्यातलं सगळ्यांनी खाल्लंय माझ्या. म्हणूनच जास्त लागलं.

आणि आता आवरून उपयोग नाही. परवा आरिफ आणि त्याचा दोस्त तोहिद कोल्हापूरला जाऊन आले. त्या ऋतुराजला कॉलेजच्या दारात गाठलं. आरिफनं विचारलं, "नकाशा हुता न्हवं तुज्याकडं?" होता म्हणाला. "मोहल्ला दिसत हुता?" दिसत होता म्हणाला. "मग का आला न्हाईस?" तर गप्प. परत विचारलं, तरी गप्प, नुसता बघत उभा. त्या गप्प बसण्यानंच आरिफच्या मस्तकात तिडीक गेली. उजवा हात मोडला त्याचा. तो ओरडलाही नाही म्हणे, आणि अजून पोलिसांत तक्रारही दिली नाही. खरा असता तर दिली असती.

मला वाईट वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं हे कळतं, पण नाही वाटलं. तुम्ही शिकवलंत, खरं असेल ते लिहायचं, म्हणून लिहिते.

यापुढं पत्र नको.

खतिजा


राजारामपुरी,
१० ऑक्टोबर

खतिजा,

नको म्हणालीस तरी लिहितोय. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

ऋतुराज माझा नातू. तुझा फोन उचलला होता तो.

तो बोटीवर जातो हे मला माहीत होतं. कुठल्या गावाला गेला होता ते त्यानं कधी सांगितलं नाही. तुझा कागद आला त्या दिवशी मी तो टेबलावर पसरून बसलो होतो. ऋतुराज पाण्याचा तांब्या ठेवायला आला आणि तिथंच थांबला. मग खोलीत गेला आणि दुसरा कागद घेऊन आला. तोच नकाशा. पाण्यानं फुगलेला, घडीवर फाटलेला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. त्यानं पाटी घेतली आणि लिहिलं, "मी सगळा काळा भाग फिरलो. एक घर सोडलं नाही."

मला पहिल्यांदा कळलंच नाही तो काय सांगतोय. कळलं तेव्हा दोन्ही कागद परत परत ताडून बघितले.

पोरी, पुस्तकात उलटं आहे. पुस्तकात हवी ती बाजू रंगवतात, आणि सगळीकडं तसंच शिकवतात. नको ती बाजू काळी करायची ही माझी रीत, माझ्या क्लासपुरती. तू माझ्याकडं शिकलीस आणि पुढं शाळेत पाढ्यांवर राहिलीस, तुला दुसरी रीत बघायची वेळच आली नाही. तो पुस्तकाची शिकला. तुझ्या कागदानं त्याला सांगितलं, काळ्यात माणसं आहेत, पांढरं रिकामं आहे. तू लिहिलंस एक, त्यानं वाचलं बरोबर उलटं, आणि दोघांनीही आपापल्या परीनं गणित बरोबर सोडवलं.

कुलूप दिसलं तरी त्याला वाटायचं, घाबरून माडीवर बसली असतील, पावसात ऐकू येत नसेल. म्हणून दारं वाजवत राहिला. तेवढ्यात एका माडीवर बयाबाई सापडल्या. मग तर त्याची खात्रीच पटली, कागद बरोबर आहे. त्या परत आलेल्या होत्या हे त्याला कोण सांगणार? बाई म्हशीच्या नावानं नुसती रडत होती. उसात गेला तोही त्यामुळंच, शेंड्यांना धरून कुणी तरंगतंय का बघायला. दिवेलागणीला त्याला ओढ्याच्या पलीकडं एक बॅटरी दिसली. पांढऱ्या भागात. कागद सांगत होता तिथं कुणी नाही, म्हणून त्याला वाटलं दुसरी बोट तिथं काम करतीय.

दुसऱ्या दिवशी त्याला समजलं की तिथं माणूस गेला. कसं चुकलं ते समजलं नाही. तुझा कागद माझ्या टेबलावर येईपर्यंत तो स्वतःलाच खात होता. आपल्या हातून कुठली गल्ली राहिली, हेच शोधत होता.

मी तुला तेव्हाच का लिहिलं नाही? लिहिलं असतं तर ख्वाजाभाईंचं मरण तुझ्या पेन्सिलीवर आलं असतं. नाही लिहिलं तर माझ्या नातवावर. म्हणून मी मधून वाट काढायला गेलो, जबाब मागं घे म्हणालो. वाट नव्हती तिथं. आणि ऋतुराजनं मला पाटीवर लिहून दिलं होतं, "त्यांना सांगू नका. त्यांच्या घरातलंच माणूस गेलंय." कॉलेजच्या दारात तो गप्प राहिला तो याच्यासाठी. हात गळ्यात बांधून घरी आला आणि डाव्या हातानं परत तेच लिहिलं. मी हे पत्र त्याला न विचारता लिहितोय. त्याचा दुसरा हात मला शाबूत पाहिजे.

माझी रीत चुकीची नव्हती. मी आजही तसंच शिकवेन. पण कोपऱ्यात "काळं म्हणजे रिकामं" एवढं लिहायला हवं होतं. तू लिहिलं नाहीस, कारण मी कधी लिहायला लावलं नाही. माझ्या वर्गात ते सगळ्यांना माहीत असायचं. वर्गाबाहेर ते कुणाला माहीत नाही, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही.

तू काय करावंस हे मी सांगणार नाही. तो हक्क मागच्या पत्रात घालवून बसलो.

हंबीरराव


कुरुंदवाड,
२ नोव्हेंबर

सर, सलाम.

तुमचं पत्र वाचून पहिलं काय वाटलं ते सांगते. वाटलं, हे चुलीत घालावं. मोहल्ला माझ्या बाजूनं, आरिफ माझ्या बाजूनं, जबाबावर सही झालेली. मुलाचा हात जुळेल आणि तो बोलणारही नाही. एवढं सगळं मी मनात मांडून बघितलं. शाळेत गेले, पोरांच्या वह्या तपासल्या, घरी आले, भाकरी केल्या. रोज वाटायचं, उद्या सांगू.

अब्बांनी माळ्यावर चढवून घेतलेलं मशीन वाचलंय. भिंत पडली, माळा राहिला. गेल्या शुक्रवारी नमाजहून आल्यावर आरिफ ते खाली घेऊन पुसत बसला होता. मी त्याच्यासमोर कागदावर तो नकाशा काढला आणि काही न सांगता विचारलं, "ह्यात बोटीनं कुठं जायचं?"

त्यानं बोट काळ्यावर ठेवलं. विचारसुद्धा केला नाही. "हितं," म्हणाला, "रंगवलंय तिथं."

आरिफ दहावीला गणितात नापास झालेला माणूस, सर. त्यानं आयुष्यात ना तुमची रीत बघितली, ना पुस्तकाची.

मग मी त्याला सगळं सांगितलं. तुमचं पत्र वाचून दाखवलं, एक ओळ गाळली नाही. तो मशीनच्या चाकाला तेल सोडत होता, सोडतच राहिला, तेल खाली फरशीवर आलं. मग म्हणाला, "अब्बांचं घर पांढऱ्यात हुतं?"

"व्हय."

"आणि ते पांढरं तू ठेवलंस, अब्बांना आणायला."

"व्हय."

त्यानं फडकं घेऊन फरशी पुसली. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. जेवायला वाढलं तर जेवतो. मुलांकडून निरोप देतो, अम्मीला सांग दूध संपलंय. मला मारलं असतं तरी मी सहन केलं असतं, हे नाही सहन होत.

पोलिस ठाण्यात जाऊन जबाब बदलला. तिथल्या साहेबांना नकाशा समजावून सांगता सांगता माझाच गोंधळ झाला, काळं कुठलं करायचं म्हणून पेन्सिल हातात घेऊन थांबले. ते म्हणाले, "बाई, मग चूक कुणाची म्हणून लिहू?" मी म्हटलं, माझी लिहा. त्यांनी कागद आपल्याकडं ओढला आणि म्हणाले, "घरला जावा तुम्ही." काय लिहिलं मला माहीत नाही.

मोहल्ल्यात कुणाला पटत नाही. मी घरोघर सांगितलं. तोहिद मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाभी, तुमच्यावर कुणाचा दबाव हाय ते आमाला कळतंय. तुमी घाबरू नका." अगदी मायेनं म्हणाला. गच्चीवरून त्यांनी बोट डोळ्यांनी बघितलीय. पेन्सिलीची गोष्ट त्यांना माझी पळवाट वाटते. मी आधी त्यांना एक सांगितलं, ते त्यांनी लगेच धरलं. आता दुसरं सांगते, ते कुणी घेत नाही.

ऋतुराजच्या हाताची माफी मी मागते. आरिफ मागणार नाही, अजून तरी नाही. तुम्हाला मी तुमच्यातला-आमच्यातला लिहिलं, त्याचीही मागते.

एक काम करा. फोन बंद पडायच्या आधी माझं अब्बांशी बोलणं झालं होतं. मी म्हटलं होतं, मी नकाशा दिलाय, बोट येणारच. बोट दिसली की बॅटरी गोल फिरवा, म्हणजे त्यांना घर कळेल. ते म्हणाले, "फिरवतो की. गुडघं गेल्यात, हात हायत अजून." ऋतुराजला विचारा, त्याला दिसलेली बॅटरी हलत होती की एका जागी होती? एका जागी असेल तर मी समजेन की अब्बांना बसल्या बसल्या झोप लागली होती, बॅटरी कुठंतरी ठेवलेली होती, त्यांनी बोट बघितलीच नाही, वाट बघितलीच नाही. मला तेवढं पुरेल. पण मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नको म्हणावं त्याला.

खतिजा


राजारामपुरी,
९ नोव्हेंबर

खतिजा मॅडम,

डाव्या हातानं लिहितोय, अक्षर समजून घ्या. आजोबांनी तुमचं पत्र माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, ह्याचं उत्तर मी देऊ शकत नाही.

तुम्ही माफी मागू नका. माझा हात बरा आहे.

बॅटरी हलत होती. गोल फिरत होती.

मला वाटलं पलीकडच्या बोटीतली माणसं आहेत आणि इकडचं कसं चाललंय ते विचारतायत. म्हणून मी बोटीत उभा राहिलो आणि माझी बॅटरी त्यांच्यासारखीच गोल फिरवून दाखवली. तेव्हा पलीकडची बॅटरी थांबली. मग त्यांनी ती विझवली.

मला वाटलं, त्यांना समजलं.

ऋतुराज